ईसीयू: फसवायचा की बदलायचा?

डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर पुढची चाकं चढवलेली एक फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय उभी आहे. जाड पट्ट्यांनी ती जमिनीतल्या कड्यांना जखडली आहे. बॉनेट उघडं, समोर कमरेएवढ्या उंचीचा पंखा, सायलेन्सरच्या तोंडात खुपसलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर लॅपटॉप. ट्यूनर गाडी चौथ्या गिअरमध्ये आणतो, दोन हजार आरपीएमवर स्थिर करतो आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवतो. काही सेकंदांत सुई सहा हजारांकडे जाते, रोलरचा आवाज टिपेला पोचतो, पाय सुटतो आणि पडद्यावर आलेख उमटतो. मालकाची नजर आलेखाच्या शिखरावर असते, किती हॉर्सपॉवर वाढली यावर. ट्यूनर मात्र खालच्या तीन रेषा वाचत असतो: बूस्टचा दाब, हवा-इंधनाचं प्रमाण, आणि नॉक जाणवल्यामुळे ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, स्पार्क किती अंश मागे ओढला.

वेगाच्या शोधात पुणे-मुंबईच्या ट्यूनिंग गॅरेजांकडे वळलं, तर टर्बो गाडीच्या मालकांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो: पिगीबॅक टाकू की स्टँडअलोन? पिगीबॅक म्हणजे कंपनीचा ईसीयू जागेवर ठेवून त्याच्या आणि सेन्सरच्या मध्ये बसवलेली छोटी पेटी. स्टँडअलोन म्हणजे कंपनीचा ईसीयू बाजूला सारून इंजिनाचा सगळा कारभार स्वतःकडे घेणारा नवा संगणक. चर्चा बहुतेक वेळा किमतीवर आणि वाढीव ताकदीवर होते. पेटी हजारांत येते. स्टँडअलोन, त्याचे सेन्सर, वायरिंग आणि ट्यूनिंग धरून हिशेब लाखांत जातो. माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला जातो. आधी हे पाहायला हवं की गाडीवर आज जे इंजिन आहे, ते कंपनीच्या ईसीयूला ओळखता येतं का. येत असेल तर त्याला हटवू नये आणि फसवायचं झालं तर फार थोडं फसवावं. येत नसेल तर त्याला फसवत राहणं हा इंजिन गमावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

हवा वाढली की हिशेब बदलतो

पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅम इंधनामागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि ही हवा सिलिंडरमध्ये कोंबतो. छोट्या गाड्यांमधली त्याची चाकं मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतात. वातावरणाच्या दाबावर आणखी एक बारचा बूस्ट दिला, तर ढोबळमानाने दुप्पट हवा आत जाते आणि इंधनही त्या मापात द्यावं लागतं. पूर्ण बूस्टवर ते मापापेक्षा जास्तच देतात, कारण जादा पेट्रोल वाफ होताना ज्वलनाची उष्णता शोषून घेतं. इंधनापेक्षाही नाजूक हिशेब स्पार्कचा असतो. पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची, हे आरपीएम आणि इंजिनावरचा भार पाहून ठरतं. भार वाढला की ठिणगी उशिरा टाकावी लागते. ती गरजेपेक्षा लवकर पडली तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटतं. हाच नॉक. तो जोरात आणि वारंवार झाला की पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, पुढे हेड गॅस्केट जातं. पूर्ण बूस्टवर हे व्हायला काही सेकंद पुरतात.

टर्बो पेट्रोल गाड्या रोजच्या वापराला टिकाऊ झाल्या त्या नॉक ऐकू येऊ लागल्यावर. साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवून, कंपनं जाणवली की बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा गाड्यांत दिली. आजचा ईसीयू याच्या कितीतरी पुढे आहे. इनटेकमधला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन, बाहेरचा वायुदाब, कूलंट, नॉक हे सगळं तो सतत वाचतो आणि त्यावरून इंजिन या घडीला किती टॉर्क देत आहे याचा अंदाज बांधतो. त्याचा पुढचा प्रत्येक निर्णय या अंदाजावर उभा असतो. म्हणून एका सेन्सरला हात लावला की फक्त एक आकडा बदलतो, असं समजणं धोक्याचं आहे.

काटा मारलेली पेटी

पिगीबॅक बसवायला सोपी असते. इनटेक मॅनिफोल्डवरच्या दाबाच्या सेन्सरचा कपलर खटकन सुटतो, पेटीची एक वायर सेन्सरला, दुसरी गाडीच्या हार्नेसला, आणि बॅटरीशेजारी पेटी झिपटायने बांधली की अर्ध्या तासात काम होतं. हा सेन्सर दाब व्होल्टमध्ये सांगतो, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत. पेटी त्यातला व्होल्टचा थोडा अंश कापते. समजा इनटेकमध्ये प्रत्यक्ष दोन बार दाब आहे आणि पेटी १.८ बार कळवते. ईसीयूला वाटतं, बूस्ट ठरल्यापेक्षा कमी पडतोय. तो वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोभोवती वळसा देणारी झडप, आणखी बंद ठेवतो आणि टर्बो जोर धरतो. ताकद वाढते ती अशी. पण सिलिंडरमध्ये गेलेली हवा ईसीयूच्या हिशेबापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त असते. इंधनाची तूट ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने बऱ्याच अंशी भरून निघते. स्पार्कची तूट तशी भरून निघत नाही. ईसीयू कमी भाराच्या रकान्यातला आकडा उचलतो, आणि कमी भाराला ठिणगी लवकर पडते. म्हणजे नेमका ज्या क्षणी भार जास्त आहे, त्या क्षणी स्पार्क नको तितका पुढे असतो. त्यानंतर इंजिन वाचतं ते फक्त नॉक सेन्सरच्या भरवशावर.

ऊसकरी शेतकऱ्याला काटामारी समजावून सांगावी लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाचं वजन कमी दाखवलं, की शेतकऱ्याचं बिल चुकतं आणि त्याच आकड्यावर काढलेला साखर उतारासुद्धा आपोआप खोटा होतो. पिगीबॅक इंजिनाच्या दारातल्या काट्यावर तेच करते. मूळ आकडा एकदाच बदलतो, पण त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक हिशेब त्याच्यासोबत वाकतो.

तरीही पिगीबॅकला सरसकट वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. कंपन्या हलकं पेट्रोल, उन्हाळा, घाट आणि वर्षानुवर्षांची झीज धरून इंजिनात राखीव जागा सोडतात. थोडा बूस्ट वाढवला आणि पेट्रोल जास्त ऑक्टेनचं वापरलं, तर या जागेतला एक भाग खर्च होतो आणि गाडी वर्षानुवर्षं नीट चालते. डिझेलमध्ये पेटी इंधनाच्या रेलमधला दाब कमी असल्याचं सांगून तो वाढवून घेते. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत गेलं आणि अशा पेट्यांचं ते आवडतं गिऱ्हाईक ठरलं. पेट्याही एका जातीच्या नाहीत. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची पॉवरट्रॉनिक इंधन आणि स्पार्क यांचे स्वतःचे मॅप ठेवते. बीएमडब्ल्यूच्या ३३५आयमध्ये २००६ साली आलेल्या दोन टर्बोंच्या इंजिनासाठी निघालेली जेबी४ गाडीतले संगणक जोडणाऱ्या कॅन जाळ्यावरून ईसीयूची माहिती वाचते आणि गडबड दिसली की बूस्ट उतरवते. जी पेटी परिणाम पाहून मागे येते, ती नुसतं व्होल्टेज कापणाऱ्या पेटीपेक्षा केव्हाही बरी.

चूक गिअरबॉक्सपर्यंत पोचते

पोलोचंच उदाहरण पुढे नेऊ. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली बाजारात आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं टर्बो इंजिन होतं, १०५ पीएस ताकदीचं आणि १७५ न्यूटनमीटर टॉर्कचं. त्याला जोडलेला सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स दोन कोरड्या क्लचचा. कंपनीने त्याची मर्यादा २५० न्यूटनमीटर ठेवलेली. वरवर पाहता हाताशी भरपूर जागा आहे. पण क्लच किती जोराने दाबून धरायचा, हे गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाच्या ईसीयूला विचारून ठरवतो. ईसीयू कॅनवरून टॉर्कचा आकडा पाठवतो आणि त्या मापाने क्लचवर दाब दिला जातो. दाबाच्या सेन्सरवर पेटी बसली, तर ईसीयूचा अंदाज मुळातच कमी निघतो. इंजिन जास्त टॉर्क देतं आणि गिअरबॉक्सला कमी कळतो. क्लच किंचित घसरू लागतो, आणि कोरडा क्लच घसरला की तापतो. अडीचशेची मर्यादा न ओलांडताही त्याचं आयुष्य अशा रीतीने कमी होतं. मालकाला याचं मूळ बॅटरीशेजारच्या पेटीत असेल अशी शंकाही येत नाही.

मग याच गाडीवर स्टँडअलोन बसवावा का? इथे उत्तर आणखी स्पष्ट नकाराचं आहे. पोलोच्या या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शंभर बारहून जास्त दाबाने फवारलं जातं. तो दाब कॅमशाफ्टवर चालणारा पंप देतो आणि त्याच्या झडपेचा कारभार ईसीयू बघतो. इंजेक्टर उघडायला बारा व्होल्ट पुरत नाहीत, साठ-पासष्ट व्होल्टचा झटका लागतो. हे काम करणारे स्टँडअलोन थोडे आणि महाग. त्यानंतर डीएसजीला टॉर्कचा आकडा त्याच्या भाषेत पाठवायचा, इमोबिलायझर, एबीएस, मीटर कन्सोल यांची समजूत घालायची. एवढं करून हाती काय येतं, तर जो टर्बो कंपनीच्या ईसीयूला आधीपासून ओळखीचा होता, तोच नव्या संगणकाला पहिल्यापासून शिकवण्याचा उद्योग. अशा गाडीवर सर्वांत प्रामाणिक वाट तिसरीच आहे, रिमॅपची. ईसीयूच्या आतले तक्ते बदलले, की बूस्ट, इंधन, स्पार्क आणि टॉर्कचा अंदाज एकत्र बदलता येतात, सेन्सर खरं सांगत राहतात आणि गिअरबॉक्सला योग्य आकडा पोचतो. ईसीयू कुलूपबंद असेल, किंवा त्या गाडीचा जाणकार ट्यूनर जवळपास नसेल, तेव्हाच पिगीबॅकचा विचार करावा, आणि तोही सौम्य मॅपवर.

मागून बसवलेला टर्बो

आता अगदी उलट टोकाची गाडी घ्या: इंजेक्शनची जुनी मारुती जिप्सी किंवा पहिल्या पिढ्यांतली होंडा सिटी. कारखान्यातून टर्बो नव्हता. मालकाने मॅनिफोल्ड बनवून, इंटरकूलर टाकून बसवला. इंजिन साधं, इंजेक्टर इनटेकच्या नळीत, थ्रॉटल केबलवर, गिअर हाताने टाकायचे. इथे पिगीबॅक स्वस्त म्हणून पहिल्यांदा सुचते आणि इथेच ती सर्वांत घातक ठरते. या गाडीचा दाबाचा सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच, फार तर किंचित वर, मोजण्यासाठी बनवलेला असतो. बूस्ट अर्धा बार असो की एक बार, ईसीयूला दोन्ही वेळा एकच आकडा दिसतो, किंवा सेन्सर बिघडला असं समजून तो चेक इंजिनचा दिवा लावतो. बूस्टमध्ये स्पार्क किती मागे घ्यायचा, याचे रकानेच त्याच्या तक्त्यात नाहीत. जे त्याने कधी पाहिलं नाही, त्याबद्दल त्याला फसवून योग्य निर्णय काढून घेणं अशक्य आहे.

जुन्या काळी यावर जुगाड केला जाई: सेन्सरचं व्होल्टेज एका मर्यादेला रोखायचं आणि बूस्टच्या प्रमाणात इंधनाचा दाब चढवणारा रेग्युलेटर लावायचा. त्यातली अडचण साध्या भौतिकशास्त्राची आहे. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. इंधन दुप्पट हवं तर दाब चौपट लागतो. तीन बारवर चालणाऱ्या पंपाकडून बारा बार मागायचे, तेव्हा पंप दमतो आणि नेमक्या वरच्या आरपीएमला मिश्रण सुकं पडतं. अशा गाडीला स्टँडअलोन हाच सरळ रस्ता आहे. तीन-चार बार मोजणारा दाबाचा सेन्सर, मोठे इंजेक्टर, रुंद पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर, नॉक ऐकण्याची सोय आणि बूस्टसह पूर्ण भरलेले तक्ते. ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडचा लिंक, पोलंडचा ईसीयूमास्टर ही या क्षेत्रातली मोठी नावं. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी उभा केलेला मेगास्क्वर्ट हाताने जोडून घेणाऱ्यांसाठी. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी टोकाच्या गाड्या अशा संगणकाकडे वळतात, त्याचं कारणही हेच: त्या गाड्यांचा हिशेब मूळ ईसीयूच्या ओळखीपलीकडे गेलेला असतो.

कोरे तक्ते भरणारा माणूस

स्टँडअलोनची खरी किंमत मात्र पावतीवर दिसत नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरचा मॅप डायनोवर दिवसभरात बसतो. उरलेलं काम त्याहून मोठं असतं. एक बारीक गोष्ट पाहा. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून तो प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि बॅटरीचं व्होल्टेज पडलं की हा वेळ वाढतो. सिग्नलला गाडी उभी आहे, एसी चालू आहे, रेडिएटरचा पंखा लागला, व्होल्टेज चौदावरून बारावर आलं. या बदलाचा तक्ता कुणी नीट भरला नसेल, तर इंजेक्टर तेवढाच वेळ चालू राहूनही इंधन कमी सोडतो आणि गाडी थरथरून बंद पडते. थंड इंजिन सुरू होणं, एसीचा कॉम्प्रेसर लागताना आयडल सावरणं, घाट उतरताना इंधन तोडून पुन्हा जोडणं, तापलेल्या हवेला स्पार्क मागे घेणं, यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी बसून भरावी लागते. गाडी कंपन्यांचे अभियंते हेच काम कडक थंडीत, वाळवंटी उन्हात आणि डोंगरउंचीवर गाड्या नेऊन करतात. स्टँडअलोन घेणारा मालक ते सगळं एका ट्यूनरच्या चिकाटीवर सोपवत असतो. तो ट्यूनर पहिल्या बिलानंतरही उपलब्ध असेल का, हा प्रश्न संगणकाच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा आहे.

घाट, उंची आणि इथेनॉल

महाराष्ट्रात गाडी एका दिवसात समुद्रसपाटीपासून सह्याद्रीच्या माथ्यावर जाते. पुणं ५६० मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. विरळ हवेत तेवढाच दाब तयार करायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, म्हणून कंपनीचा ईसीयू उंचीवर बूस्टची अपेक्षा उतरवून टर्बो वाचवतो. सेन्सरवरची पेटी उंची ओळखत नाही. ती तेवढाच दाब कापत राहते आणि टर्बोला सोडलेली सुरक्षेची जागा नेमकी तिथेच खाते, जिथे ती सर्वांत जास्त हवी. स्टँडअलोनमध्ये बाहेरच्या वायुदाबाची दुरुस्ती भरता येते. पण ती भरलेली आहे का, हे पुण्याच्या डायनोवर दिसत नाही. घाट उतरून मुंबईला गेल्यावर कळतं.

दुसरी गोष्ट पंपावर घडली आहे. आता सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि त्यातला काही भाग आपल्याच साखरपट्ट्यातून येतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने हवेचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इथेनॉल नॉकला चांगला विरोध करतं, हा त्याचा फायदाही सांगायला हवा. पण जुन्या पेट्रोलच्या मापाने बनवलेल्या गाडीचा ईसीयू ही इंधनाची तूट आपल्या दुरुस्तीच्या मर्यादेतून भरून काढतो, आणि पिगीबॅकही त्याच मर्यादेवर हात मारते. एकाच राखीव जागेवर दोघांचा भार पडला की इंजेक्टर आणि पंप लवकर कमी पडतात. चांगल्या स्टँडअलोनला इथेनॉलची टक्केवारी मोजणारा सेन्सर जोडता येतो. मागून टर्बो बसवलेल्या गाडीसाठी हा त्याच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे.

आक्षेपांना उत्तरं

पिगीबॅकचे पुरस्कर्ते म्हणतात, सर्व्हिसिंगला जाताना पेटी काढता येते, वॉरंटी शाबूत राहते. पेटी निघते, पण पिस्टनवर आणि क्लचवर पडलेला भार निघत नाही. शिवाय वाढीव ताकदीने मोडलेला भाग पेटी लपवून कंपनीच्या माथी मारणं हे गैरच आहे. ज्याला जास्त ताकद हवी, त्याने तिची जबाबदारीही घ्यावी. दुसरे म्हणतात, स्टँडअलोन फक्त शर्यतीचा. जुन्या, साध्या इंजिनाच्या गाडीबाबत हे खरं नाही. नीट भरलेला स्टँडअलोन रोज ऑफिसला नेता येतो. पण त्यांच्या आक्षेपात एक गाभा खरा आहे: अर्धवट भरलेला स्टँडअलोन मूळ ईसीयूपेक्षा वाईट असतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत गंभीर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल रोखतं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर ईसीयू हा प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेचाच भाग झाला. बूस्टसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उडवणं किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर निकामी करणं याची किंमत रस्त्यावरचे सगळे श्वासावाटे मोजतात. टोकाच्या गाडीची जागा शर्यतीची धावपट्टी आहे. रस्त्यावरच्या गाडीने आपली भूक मर्यादेत ठेवावी.

निर्णय कसा घ्यावा

थोडक्यात, कारखान्यातून टर्बो घेऊन आलेली, थेट इंजेक्शनची, ऑटोमॅटिक गाडी असेल तर कंपनीचा ईसीयू ठेवावा. जमल्यास रिमॅप करावा, नाहीतर परिणाम पाहून मागे येणारी सौम्य पिगीबॅक घ्यावी. टर्बो मागून बसवला असेल, किंवा टर्बो आणि इंजेक्टर इतके मोठे झाले असतील की मूळ सेन्सर मोजू शकत नाहीत, तर पिगीबॅकवर पैसे घालवू नयेत. स्टँडअलोन परवडेपर्यंत टर्बोही थांबवावा, कारण अर्ध्या किमतीत घेतलेला हा मार्ग बहुतेकदा इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीवर संपतो. दोन्ही वाटांवर ट्यूनरकडून शिखराच्या आकड्याआधी डायनोचा संपूर्ण लॉग मागावा: चौथ्या गिअरमधल्या प्रत्येक चाचणीतला प्रत्यक्ष दाब, हवा-इंधनाचं प्रमाण आणि प्रत्येक सिलिंडरला स्पार्क किती अंश मागे गेला. दुपारच्या उन्हात, इंजिन तापलेलं असताना तीच चाचणी पुन्हा घ्यायला सांगावी. जो ट्यूनर हे आनंदाने दाखवतो आणि रेषा वाईट दिसल्या तर स्वतःहून बूस्ट कमी करतो, त्याच्या हाती गाडी द्यावी, मग त्याने पेटी लावो वा पूर्ण संगणक.